सुकेशनीचा वाव

कोल्हापूर, १४ जुलै २०२४

आत्या, तुला आणि आबांना जयभीम.

फोनवर मी 'बरंय' च्या पुढे जात नाही म्हणून रागावलीस ना? इथे फोन रविवारीच हातात मिळतो, तोही ओळीत उभं राहून, आणि मागच्या पोरी कान देऊन ऐकत असतात. अशात माणूस 'बरंय'च म्हणणार. म्हणून हे पत्र. तू पडलीस शाळेतली बाई, वाचताना लाल पेन काढू नकोस म्हणजे झालं.

अकादमी चांगली आहे. मैदानावर खरं गवत आहे. ताडकळसच्या मुरमावर झेपा घेऊन माझ्या कोपराला कायम खपली असायची, ती पहिल्यांदाच गेली. भाषेवरून मात्र पोरी चिडवतात. त्यांचं 'करालीस' चालतं, माझं 'करायलीस' चालत नाही!

आमच्या प्रशिक्षक शुभदा मॅडम. आवाज असा की आबासुद्धा दचकून उभे राहतील. गोलकीपर आम्ही दोघीच, मी आणि प्राची. प्राची माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच. ती नुसता हात वर करते आणि चेंडू सापडतो. मला त्याच चेंडूसाठी उडी मारावी लागते. मॅडम म्हणाल्या, "सुकेशनी, तुझी उडी बघण्यासारखी आहे." त्यावर प्राची म्हणाली, "तुझं निदान बघण्यासारखं आहे, मी नुसतीच खांबासारखी उभी." बरी आहे पोरगी.

वर्षाच्या शेवटी कोण राहणार आणि कोण घरी जाणार ते ठरतं. राहिलं तर बारावीपर्यंत इथेच, आणि पुढे राज्याच्या संघाचा रस्ता. मी राहणार. मला दुसरं काही येतच नाही, आत्या.

तुझी,
सुकेशनी


ताडकळस, २८ जुलै २०२४

चि. सुकेशनी, जयभीम.

पोस्टमन पत्र देताना विचारत होता, "बाई, कोर्टाची नोटीस हाय का?" घरचं पत्र त्यानं कित्येक दिवसांत पाहिलं नसावं. हस्ताक्षर बरं आहे, शुद्धलेखनाचं आपण दिवाळीत बोलू.

आबांनी नातीचं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग त्यांचा एकच प्रश्न, "गोल केवढा आसतो?" मी मोबाइलवर बघून फुटात सांगितलं. पण जन्मभर विहिरी खोदलेला माणूस, त्यांना फूट कुठला कळणार? त्यांचं सगळं वावात. दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. दोर वावात, विहीर वावात, आता तुझा गोलही वावात. अंगणात हात पसरून मोजत गेले आणि म्हणाले, "रुंदीला साडेचार वाव, उंचीला दीड. मधी हात पसरून हुबी राह्यली की दोनी अंगानं पावणेदोन-पावणेदोन वाव उरला. झेप घेतली की झालं!"

"आन वरून मारला तर?" मी विचारलं.

"वरून कोन मारतंय? मानूस पायानं मारतंय, म्हंजी खालूनच मारनार की."

तर असा हा तज्ज्ञांचा सल्ला. तुझे आई-पप्पा जिंतूरला बरे आहेत. पप्पाची बदली यंदाही झाली नाही, एसटी सोडेल तर ना. उंचीचं मनाला लावून घेऊ नकोस. मूर्ती लहान पण कीर्ती महान!

आत्या


कोल्हापूर, १८ ऑगस्ट २०२४

आत्या, जयभीम.

ते 'मूर्ती लहान' परत लिहू नकोस. इथे स्वयंपाकाच्या मावशीपासून वॉचमनपर्यंत सगळे तेच म्हणतात. एक दिवस मी कुणाला तरी चावणार आहे.

आमची मापं घेतली. उंची, वजन, हात, पाय, उडी. मनगटाचा एक्स-रेही काढला. डॉक्टर म्हणाले सगळं चांगलं आहे, काळजीचं काही नाही.

आबांना सांग, इथे वरूनही मारतात. मी रेषेवर उभी राहिले की वरचे दोन्ही कोपरे मोकळे दिसतात. ते झाकायला चार पावलं पुढे आले की पोरी हळूच डोक्यावरून चेंडू टाकतात. मागे जावं तर तसं, पुढे यावं तर असं. प्राचीला हा प्रश्नच पडत नाही. मॅडम म्हणतात, तुला चेंडू यायच्या आधी कळलं पाहिजे. मी शिकतेय आधी कळायला.

एक विचारायचं होतं. आपल्यात कुणी उंच आहे का गं? आईचे भाऊ? पप्पूमामा किती उंच असेल? आणि माझा सातवीतला शाळेचा फोटो सापडला तर पाठव.

तुझी,
सुकेशनी


ताडकळस, १७ नोव्हेंबर २०२४

चि. सुकेशनी, जयभीम.

तू दिवाळी करून गेलीस आणि मागोमाग अकादमीचं छापील पत्र आलं. तुला ठाऊक असणारच. घरी आलीस तेव्हा करंजी हातात घेऊन तशीच परत ताटात ठेवायचीस, मला वाटलं दमलीस.

पत्र आलं तेव्हा आबा समोरच बसले होते, म्हणून मी मोठ्यानं वाचायला घेतलं. 'सहामाही मूल्यमापनानुसार आपल्या पाल्यास गोलरक्षक या स्थानासाठी पुढे वाव नाही.' मी तिथेच थांबले. आबा मात्र ताडकन उठले.

"वाव न्हाई? म्हंजी काय? कुनी मोजला?"

"आबा, तसं न्हाई..."

"तसं न्हाई तर कसं? दिवाळीत हिरीतली मोटार वर काडायचा दोर ह्याच पोरीनं मोजला. मी मागून मोजला. बोटभर फरक पडला न्हाई. आडवी पसरली तर माज्याएवडी हाय पोर! आन हे म्हनायलेत वाव न्हाई. बेइमानी हाय ही."

मी तोंड उघडलं होतं. सांगणार होते की आबा, इथे वाव म्हणजे जागा, पुढे जायची संधी. तोवर ते दोर आणि विळा घेऊन बाहेर गेले होते. त्यांनी छातीवरून एक वाव धरला, कापला, दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि माझ्यापुढे ठेवला. "लिही. हा आमच्या सुकेशनीचा वाव. परत मोजून बघा."

आणि मी लिहिलं! शिकली-सवरलेली बाई मी, मुकाट्यानं लिहिलं आणि पार्सल करून मॅडमच्या नावे पाठवलं. आबांचा चेहरा इतका खुलला होता की शब्दाचा अर्थ सांगायला माझी जीभ उचलेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तुझं तिथे हसं झालं तर मला शिव्या दे, आबांना नको.

फोटो शोधतेय. आणि पप्पूमामा माझ्याएवढाच आहे, काय मेलं विचारतेस.

आत्या


कोल्हापूर, १ डिसेंबर २०२४

आत्या, जयभीम.

हसं झालंच. मॅडमनी पार्सल मैदानावर सगळ्यांसमोर उघडलं. पोरींना वाटलं दोरीच्या उड्यांची दोरी आली. मॅडमनी चिठ्ठी वाचली आणि मला विचारलं, "हे काय आहे?" मला सांगावं लागलं. वाव म्हणजे काय, आबा म्हणजे कोण, सगळं. पोरी तर गवतावर लोळल्या.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ते वाक्य मीच टाइप केलं होतं." मग मला भिंतीला पाठ लावून हात पसरायला सांगितले आणि टेप लावला. आत्या, माझा वाव माझ्या उंचीपेक्षा चांगला चार बोटं जास्त भरला! प्राची एवढी ताडमाड, पण तिचा वाव माझ्याहून थोडाच जास्त. ऑगस्टमध्येही हात मोजले होते, पण तेव्हा सगळ्यांनी उंचीचाच रकाना वाचला. मॅडम ऑफिसात जाऊन वरच्या सरांशी तास-दीड तास भांडल्या. आवाज आम्हाला वसतिगृहापर्यंत ऐकू येत होता. ठरलं असं की जानेवारीत सराव सामने आहेत, त्यात मला अर्धे सामने द्यायचे. तिथे दिसलं तर मी राहणार.

आबांना खरा अर्थ सांगू नकोस, तुला माझी शपथ. त्यांनी ते वाक्य बरोबर ऐकलं असतं तर गप्प बसले असते, आणि मी बॅग भरत असते.

मी आता पहाटे प्राचीच्या आधी मैदानावर जाते. तिलाच उठवते चेंडू मारायला, बिचारी जांभया देत मारते.

तुझी,
सुकेशनी


ताडकळस, १५ डिसेंबर २०२४

चि. सुकेशनी, जयभीम.

नाही सांगितलं. पण आता सांगायची सोयच राहिली नाही. आबा आठवडी बाजारात भेटेल त्याला हात पसरायला लावतात. पप्पूमामा आला होता, त्याचा वाव मोजून म्हणाले, "तुला काय गोलात ठेवनार न्हाईत." चहाच्या टपरीवर तर रोजचंच, "छापील कागद आमच्या दोरानं बदलला."

तुला माहीत आहे, नामांतराच्या वेळी त्यांनी पाठीवर लाठ्या घेतल्या. त्यांचा हिशेब सरळ आहे. कागद चुकीचा असतो, माणसानं भांडावं, मग कागद बदलतो. म्हातारपणी हिशेब पुन्हा एकदा बरोबर आला म्हणून ते दहा वर्षांनी तरुण दिसायला लागलेत.

मला एक सांग. नुसते हात लांब असून भागतं का गं?

फोटो सोबत आहे.

आत्या


कोल्हापूर, २ फेब्रुवारी २०२५

आत्या, जयभीम.

सामने झाले. बरे झाले. निकाल यायचा आहे. मध्ये जरा ताप होता, आता नाही.

फोटो मिळाला. मी खरंच मागच्या रांगेत आहे, उंच पोरींच्या.

परीक्षा जवळ आल्यात, जास्त लिहीत नाही. आबांना जयभीम.

सुकेशनी


ताडकळस, २ मार्च २०२५

चि. सुकेशनी, जयभीम.

दुसरा कागद आला. 'शारीरिक मापदंडांच्या आधारे निवड होऊ शकली नाही.' तू फोनवर परवाही 'बरंय'च म्हणालीस!

आबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी उठून म्हणाले, "वाव मोजला, त्येंला पटला, पोरीला खेळू दिलं. मंग काडलं कशापायी? आता आडनाव वाचलं आसंल." परभणीला कलेक्टर कचेरीसमोर उपोषणाला बसायचं ठरवलंय त्यांनी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. वस्तीतल्या पोरांनी बॅनर छापून आणला, त्यावर तुझा फोटो आणि खाली तुझ्या मॅडमचं नाव, 'जातीयवादी' म्हणून. एका चॅनेलवाल्याचा फोनही येऊन गेला. आबांनी पांढरे कपडे इस्त्री करून घेतलेत. लोक येतात, बसतात, जुन्या आंदोलनांच्या गोष्टी निघतात. घर भरलेलं आहे.

मी त्यांना अडवणार होते. पण खरं सांगू? मलाही तसंच वाटतं. आपल्याला आयुष्यभर अशी शंका येत आली आणि बहुतेक वेळा ती खरी निघाली. मला नोकरी लागली तेव्हा हेडमास्तर काय बोलले होते ते तुला माहीत आहे. तुझ्या वेळीच ते कसं संपलं असेल?

तुझ्या सहीचा कागद लागेल, अन्याय झाला म्हणून. चार ओळी पुरेत. तू एवढंच लिही, बाकीचं आबा बघतील. आणि तसं नसेल तर जे असेल ते लिही. आता 'बरंय' नको.

आत्या


कोल्हापूर, ९ मार्च २०२५

आत्या,

हे पत्र आबांना वाचून दाखव. सगळं. गाळू नकोस आणि गोड करू नकोस.

आबा, जयभीम. बॅनर काढायला लावा. मॅडमनी काही वाईट केलं नाही. सगळ्या अकादमीत माझ्यासाठी भांडली ती एकच बाई. आडनाव कुणी वाचलं नाही. मी खूप शोधलं आबा, खरंच शोधलं. मला निवडलं नाही हे कळलं तेव्हा पहिली शंका मलाही तीच आली. ती खरी असती तर मी पहिली बसले असते उपोषणाला.

जानेवारीतल्या सामन्यांत मी चार वेळा गोलात उभी राहिले. खालचा चेंडू एकही जाऊ दिला नाही. डावीकडचे, उजवीकडचे, तुमच्या वावात आलेले सगळे धरले. प्राचीला ते जमत नाहीत, तिला वाकायला वेळ लागतो. सगळे टाळ्या वाजवत होते. मग समोरच्या संघांना कळलं. त्यांनी खाली मारणं बंद केलं. नुसते उंच चेंडू टाकायला लागले, कॉर्नरवरून, लांबून, कुठूनही. मी उडी मारायची, बोटं लागायची, आणि चेंडू बोटांना लागूनच आत जायचा. बोटं लागत होती आबा. म्हणून तर सांगतेय. कुणी धक्का दिला नाही, कुणी खोटी शिट्टी मारली नाही. शेवटच्या सामन्यात सहावा गेला तेव्हा पलीकडच्या पोरीच मला म्हणाल्या, "सॉरी."

मॅडम नंतर माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "तुझे हात लांब आहेत, पण ते ज्या खांद्यातून निघतात तो खांदाच खाली आहे. त्याला मी काय करू?" त्या रडत होत्या. मी नव्हते.

ऑगस्टमध्ये मनगटाचा एक्स-रे काढला होता. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की माझी हाडं मिटली, आता उंची वाढणार नाही. मी तुम्हाला 'सगळं चांगलं आहे' लिहिलं. तुम्ही माझी उंची दाराच्या चौकटीवर खुणा करून ठेवलीत, आता त्यावर रंग लावला तरी चालेल. सातवीत मी वर्गात सगळ्यात उंच होते म्हणून सरांनी मला गोलात उभं केलं. बाकीच्या पोरी नंतर वाढल्या. मी आधीच वाढून बसले होते. सरांची चूक नाही. तेव्हा मी खरंच उंच होते.

आणि ते पहिलं पत्र. त्यात दोराचा वाव नव्हता आबा. वाव म्हणजे जागा. माझ्यासाठी पुढे जागा नाही असं लिहिलं होतं. आत्यानं मुद्दाम लपवलं नाही, मीच शपथ घातली होती. तुम्ही चुकीचं ऐकलं म्हणून मला अडीच महिने मिळाले. ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले महिने होते.

मॅडमनी पुढे खेळून बघ म्हणून सांगितलं होतं, गोल सोडून. खेळून पाहिलं. पायात चेंडू आला की मी हात पुढे करते. सगळ्या हसल्या, मीही हसले.

अन्याय झाला असं मी लिहून देणार नाही. झाला असता तर बरं झालं असतं.

सुकेशनी


ताडकळस, २३ मार्च २०२५

चि. सुकेशनी, जयभीम.

वाचून दाखवलं. गाळलं नाही.

मी अंगणात वाचलं, कारण घरात माणसं होती. पोरं बॅनर बांधायला बांबू घेऊन आली होती. वाव म्हणजे जागा, हे आलं तिथे त्यांनी मला थांबवून तेवढंच परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "पुडं वाच." संपल्यावर उठले, आत गेले आणि पोरांना म्हणाले, "बॅनर काडा. त्या बाईचं नाव पुसा. पोर आमची बुटकी हाय." असं सगळ्यांसमोर म्हणाले. मी तर मेल्यासारखी झाले. एक-दोन पोरांनी वाद घातला, काका तुम्ही घाबरलात म्हणाले. चॅनेलवाल्याला मी फोन करून नाही म्हणून सांगितलं.

तेव्हापासून घर रिकामं आहे. कुणी येत नाही. आबा बाजारालाही गेले नाहीत. पांढरे कपडे घडी घालून पेटीत ठेवले. तुझ्यावर रागावलेले नाहीत, ते मी दहादा विचारून घेतलंय. "खरं लिवलं पोरीनं," एवढंच म्हणतात.

तुझा पप्पा रजा टाकून शनिवारी तुला घ्यायला निघेल. इथल्या कॉलेजात अकरावीच्या प्रवेशाचं मी विचारून ठेवलंय. पुढे काय करायचं ते मला सुचत नाही आणि तुला उगीच काहीतरी सुचवणार नाही. सगळं ठीक होईल असंही लिहिणार नाही, तुला माझ्या तोंडचं खोटं लगेच कळतं.

काल संध्याकाळी आबांना चहा दिला. त्यांनी कप खाली ठेवला. मग मला म्हणाले, "बबे, मास्तरानं वाईट केलं न्हाई. त्या बाईनं केलं न्हाई. डाक्टरनं बी न्हाई. मंग आता भांडायचं कुनासंगं?"

मी म्हटलं, "कुनासंगंच न्हाई, आबा."

"आसं कसं?" ते म्हणाले. "कुनीतरी आसंलच की."

आत्या